अल्सर भरतोय, मग ग्रोथ फॅक्टरची पावडर कशाला?

पत्र: आई 58 वर्षांची, गावी असते. गुडघेदुखीसाठी वर्षभर मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून घेत होती. मध्यंतरी शौचाला काळं झालं, चक्कर आली. एंडोस्कोपीत जठराच्या खालच्या भागात 12 मिलिमीटरचा अल्सर निघाला. रिपोर्टवर 'फॉरेस्ट 3' (म्हणजे अल्सरचा तळ स्वच्छ, रक्त येत नाही) आणि 'आरयूटी पॉझिटिव्ह' असं आहे. बायोप्सीत कॅन्सर नाही. हिमोग्लोबिन 8.4. जंतूंसाठीचा 14 दिवसांचा कोर्स पूर्ण झाला. आता पँटोप्राझोल 40, सुक्राल्फेटचं पातळ औषध तीन वेळा, लोहाची गोळी आणि थायरॉइडची जुनी गोळी चालू आहे. एंडोस्कोपीला पाच आठवडे झाले, पोट दुखायचं थांबलंय. नात्यातले एक जण ग्रोथ फॅक्टर असलेली कोलोस्ट्रमची पावडर आणून देतो म्हणतात, महिन्याला 3,800 रुपये. मी वाचलं तर अल्सर ग्रोथ फॅक्टरमुळेच भरतो असं दिसलं. द्यावी का? मावशी म्हणते त्यापेक्षा खरवस दे. डॉक्टरांनी आठ आठवड्यांनी पुन्हा एंडोस्कोपी सांगितलीय, ती टाळता येईल का? गुडघे परत दुखतायत, आणि आई मिश्री लावते, तिचा काही संबंध आहे का? (एक वाचक, पुणे)

सप्रेम नमस्कार.

तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे, अल्सर ग्रोथ फॅक्टरमुळेच भरतो. पावडर मात्र घेऊ नका. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा, ते कळलं की तुमच्या बाकीच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं तिथेच मिळतात, म्हणून आधी तेवढं बघू.

जठराच्या अस्तराच्या तळाशी स्नायूचा एक अगदी पातळ थर असतो. जखम त्याच्या वरच राहिली तर ती इरोजन. शेजारच्या पेशी सरकत येऊन ती झाकतात आणि काही दिवसांत काम होतं. तो थर फोडून जखम खाली उतरली की अल्सर. इथे नुसतं सरकून भागत नाही. खड्डा भरायला नवं मांस लागतं, त्या मांसाला रक्त पुरवायला नव्या केशवाहिन्या लागतात, त्यावर नवं अस्तर आणि त्या अस्तरात पुन्हा ग्रंथी. म्हणूनच जठराच्या अल्सरला साधारण आठ आठवडे औषध देतात.

हे सगळं बांधकाम ज्यांच्या निरोपांवर चालतं ते ग्रोथ फॅक्टर. पेशींनी सोडलेली ही छोटी प्रथिनं दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक रिसेप्टरला जाऊन चिकटतात आणि त्या पेशीला विभागायला, सरकायला किंवा नवी रक्तवाहिनी काढायला लावतात. सगळ्यात जास्त अभ्यास झालेला म्हणजे ईजीएफ (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर). स्टॅन्ली कोहेन यांनी 1962 मध्ये उंदराच्या लाळग्रंथींतून तो वेगळा काढला. त्या ग्रंथींचा अर्क टोचलेल्या नवजात उंदरांचे डोळे वेळेआधी उघडत होते, त्यावरून त्यांना सुगावा लागला होता. या कामाबद्दल रीटा लेव्ही-मॉन्टाल्चिनी यांच्याबरोबर त्यांना 1986 चं नोबेल मिळालं. माणसाच्या लघवीतून युरोगॅस्ट्रोन नावाचा आम्ल कमी करणारा पदार्थ वेगळा काढला होता, तो म्हणजेच माणसाचा ईजीएफ, हे 1975 मध्ये स्पष्ट झालं.

आता आईंच्या कामाची गोष्ट. हा ईजीएफ आपल्या लाळेत असतो आणि प्रत्येक घोटाबरोबर पोटात जातो. लाळग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांमध्ये अल्सर उशिरा भरतो. शिवाय त्याचे रिसेप्टर बहुतांशी अस्तराच्या पेशींच्या खालच्या आणि कडेच्या बाजूला असतात, पोकळीकडच्या बाजूला नाहीत. त्यामुळे अस्तर शाबूत असेल तिथून लाळेतला ईजीएफ तसाच पुढे निघून जातो, आणि फाटलं असेल तिथे रिसेप्टर उघडे पडतात म्हणून नेमका तिथेच काम करतो. इतकी चोख सोय कुठल्याही डब्यात मिळत नाही.

अल्सरच्या काठावरच्या पेशी स्वतःही गप्प बसत नाहीत. टीजीएफ-अल्फा तिथेच तयार होतो आणि ईजीएफच्याच रिसेप्टरवर बसतो. खड्ड्याच्या तळाशी प्लेटलेट्समधून पीडीजीएफ सुटतो, तो मांस भरणाऱ्या पेशींना ओढून आणतो. बीएफजीएफ आणि व्हीईजीएफ नव्या केशवाहिन्या फुटायला लावतात. एचजीएफ अस्तराच्या पेशींना सरकवतो. शेवटी टीजीएफ-बीटा व्रण घट्ट करतो. या यादीत टंचाई कशाचीच नसते. अडचण वेगळी आहे: एकीकडे शरीर हे बनवतं आणि दुसरीकडे काही गोष्टी ते मोडून टाकतात. उपचार म्हणजे मोडणारे हात बाजूला करणं. आईंची चिठ्ठी नीट बघितलीत तर अल्सरसाठीचं प्रत्येक औषध तेच करतंय.

पहिला मोडणारा म्हणजे आम्ल. बीएफजीएफ आम्लात टिकत नाही. ईजीएफ त्यामानाने चिवट, पण तीव्र आम्ल आणि पेप्सिन मिळून त्याच्या 53 अमिनो आम्लांच्या साखळीचं टोक तोडतात आणि त्याचा जोर बराच उतरतो. पँटोप्राझोलने आम्ल घटलं की दोघांनाही काम करायला सवड मिळते. म्हणजे या गोळीचं काम नुसतं जळजळ थांबवण्याचं नाही.

दुसरा म्हणजे वेदनाशामक गोळी, आणि आईंच्या बाबतीत खरा दोषी बहुधा हाच. अल्सरच्या काठावर कॉक्स-2 नावाचं एन्झाइम वाढतं, ते प्रोस्टाग्लँडिन बनवतं आणि प्रोस्टाग्लँडिनमुळे व्हीईजीएफ, एचजीएफ सुटतात. डायक्लोफेनॅक हा दुवाच बंद करतं. म्हणून ती गोळी आधी अल्सर करते आणि मग तो भरूही देत नाही. 'पोटाला सौम्य' म्हणून मिळणाऱ्या एटोरिकॉक्सिब, सेलेकॉक्सिबसारख्या गोळ्या मुख्यतः कॉक्स-2 वरच काम करतात. धड पोटाला त्या कमी इजा करतात हे खरं, पण अल्सर भरत असताना नेमकं तेच एन्झाइम लागतं, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत या औषधांनीही भरणं लांबलेलं दिसलंय. त्यामुळे सध्या त्याही नकोत. इंजेक्शन घेतलं तर पोट वाचतं ही समजूत चूक आहे, कारण औषध रक्तातून पोहोचून तेच करतं. वेष्टण असलेल्या गोळीचंही तसंच.

तिसरा, एच. पायलोरी हा जंतू. त्याची सूज चालू राहते तोवर एका बाजूने भरणं आणि दुसऱ्या बाजूने उकरणं सुरू. त्याच्या एका विषामुळे पेशींना ईजीएफचा निरोप नीट पोहोचत नाही, असं प्रयोगशाळेतल्या पेशींवर दिसलंय. आरयूटी पॉझिटिव्ह म्हणजे बायोप्सीच्या तुकड्यात हा जंतू सापडला होता. 14 दिवसांचा कोर्स त्यासाठीच होता.

आणि सुक्राल्फेट. ग्रोथ फॅक्टरशी खरोखर संबंध असलेलं औषध आईंच्या उशाशी आधीच आहे! हे औषध जखमेवर चिकटून लेप करतं एवढंच बरीच वर्षं मानत होते. मग बॉस्टनमध्ये ज्युडा फोकमन, सँडोर झाबो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सुक्राल्फेट बीएफजीएफला बांधून ठेवतं, आम्लापासून वाचवतं आणि अल्सरच्या जागी त्याचं प्रमाण वाढवतं. 1991 मध्ये त्यांनी हे मांडलं. काही डॉक्टर रेबामिपाइडची 100 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा जोडतात. तीही प्रोस्टाग्लँडिन वाढवण्याच्या वाटेनेच जाते. डॉक्टरांनी दिली तर घ्यावी, नाही दिली तर मागून घेण्याची गरज नाही.

मग पावडरीत काय? कोलोस्ट्रममध्ये, म्हणजे चिकात, ग्रोथ फॅक्टर असतात हे खोटं नाही. वेदनाशामकांमुळे आतड्याला होणारी इजा त्याने कमी होते का, यावर प्राण्यांमध्ये आणि थोड्या निरोगी माणसांमध्ये काम झालंय. पण झालेला अल्सर बरा करण्याचं औषध म्हणून ते सिद्ध नाही. डब्यावर कोणता ग्रोथ फॅक्टर, किती मायक्रोग्रॅम, वाळवल्यावर त्यातला किती शाबूत, हे बघा. बहुतेकदा काहीच लिहिलेलं नसतं. त्यातली प्रथिनं पचून गेली तर पैसे वाया. आणि समजा सगळी न पचता कामाला लागली, तर ती चांगली पेशी आणि वाईट पेशी असा फरक करत नाहीत. ईजीएफच्या रिसेप्टरला रोखणारी औषधं कॅन्सरसाठी वापरतात, ती काय उगाच? ज्या जागेची दुसरी तपासणी अजून व्हायची आहे, तिथे वाढीला उत्तेजन देणारी वस्तू ओतायची घाई कशाला. इंटरनेटवर 'बीपीसी-157' नावाचं पेप्टाइडही अल्सरसाठी खपवतात. तेही मान्यताप्राप्त औषध नाही, त्यापासून लांबच राहा.

मावशींच्या खरवसाला आमची ना नाही, फक्त तो औषध म्हणून नको. वाफवताना चिकातली प्रथिनं घट्ट होतात, म्हणून तर वडी पडते. त्या उष्णतेत ग्रोथ फॅक्टर कितपत उरणार? आईंना मधुमेह नसेल आणि दूध पचत असेल तर एखादी वडी खुशाल खाऊ द्या. कच्चा चीक मात्र प्यायला देऊ नका, न उकळलेल्या दुधातून ब्रुसेलासारखे जंतू येतात.

3,800 रुपये वाचले. आता त्याहून महत्त्वाचं, म्हणजे वेळा. आईंच्या औषधांत एक गुंता आहे आणि तो बहुतेक घरांत कोणी सोडवून देत नाही. सुक्राल्फेट जसं ग्रोथ फॅक्टरला पकडतं तसंच थायरॉक्सिनलाही पकडून ठेवतं. दोन्ही एकत्र घेतली की थायरॉइडची गोळी वाया जाते आणि टीएसएच (थायरॉइड कमी पडतंय हे दाखवणारा रक्तातला आकडा) चढतो. लोहही थायरॉक्सिनला तसंच अडवतं. तेव्हा दिवस असा बसवा. सकाळी 6 वाजता थायरॉइडची गोळी, साध्या पाण्याबरोबर. 7.15 ला पँटोप्राझोल, आणि 8 च्या आत नाश्ता झालाच पाहिजे. ही गोळी आम्ल सोडणारे पंप चालू असतील तेव्हाच त्यांना बंद करू शकते आणि पंप चालू होतात खाण्याने. खाऊन झाल्यावर किंवा रात्री आठवलं म्हणून घेतली तर फायदा कमी होतो. गोळी फोडून, चावून देऊ नका. 11 वाजता सुक्राल्फेट, त्यानंतर तासाभराने जेवण. दुपारी साडेतीनला लोहाची गोळी, चहाशिवाय, जमलं तर लिंबूपाण्याबरोबर. संध्याकाळी 6.30 ला सुक्राल्फेट, पावणेआठला जेवण, 10 ला झोपताना सुक्राल्फेटचा तिसरा डोस. सुक्राल्फेटवर लगेच पाणी पिऊ नये. त्याने बद्धकोष्ठ होतो, लोहाने तो वाढतो, म्हणून भाजी, फळं, पाणी वाढवा. त्यात ॲल्युमिनियम असतं, तेव्हा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. हे वेळापत्रकही त्यांना एकदा दाखवून घ्या, आणि सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच तपासा.

बाटली हातात घेतली आहे तर लेबलही वाचा. दोन गोष्टी बघायच्या. एक, 1 ग्रॅम किती मिलिलिटरमध्ये आहे. काही बाटल्यांत 5 मिलिलिटरमध्ये असतं, काहींत 10 मध्ये, आणि घरी सगळे एकाच चमच्याने मोजतात. दोन, 'ऑक्सेटाकेन' लिहिलंय का. आपल्याकडे सुक्राल्फेटच्या बऱ्याच बाटल्यांत ते मिसळलेलं असतं. ते जागा बधिर करणारं औषध आहे. तुमच्या बाटलीत ते असेल तर दुखणं थांबण्यातला काही वाटा त्याचा असू शकतो, अल्सर भरल्याचा तो पुरावा नाही. तसंही दुखणं आणि भरणं यांचा मेळ कच्चाच. वेदनाशामकांमुळे झालेले कितीतरी अल्सर रक्तस्राव होईपर्यंत दुखतच नाहीत.

म्हणून दुसरी एंडोस्कोपी टाळू नका. ड्युओडेनमचा, म्हणजे जठराच्या पुढच्या नळीतला अल्सर असता तर बहुधा आम्हीही म्हटलं असतं की राहू द्या. जठरातल्या अल्सरची गोष्ट वेगळी: काही कॅन्सर अल्सरचं सोंग घेऊन येतात, आम्ल कमी झालं की वरून थोडे भरल्यासारखेही दिसतात, आणि पहिल्या बायोप्सीत तुकडा नेमका चुकीच्या जागेचा आलेला असू शकतो. भरला नसेल तर काठावरून पुन्हा तुकडे घेतील. रिपोर्टवर कदाचित एक अक्षर आणि आकडा दिसेल. 'ए' म्हणजे अल्सर जोरात, 'एच' म्हणजे भरतोय, 'एस' म्हणजे व्रण उरला. एस-1 हा लालसर व्रण, तिथे अजून नव्या केशवाहिन्यांची गर्दी असते. एस-2 हा पांढरा, पक्का. लाल व्रण पांढऱ्यापेक्षा जास्त वेळा पुन्हा उघडतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर वरून छान बुजलेल्या अल्सरखालीही ग्रंथी फुगलेल्या आणि केशवाहिन्या विस्कटलेल्या आढळतात. अल्सर पुन्हा त्याच जागी का होतो, याचं एक कारण हे. त्यामुळे रिपोर्ट चांगला आला त्याच दिवशी डायक्लोफेनॅक पुन्हा सुरू, असं होऊ देऊ नका.

जंतू गेला की नाही ही तपासणी वेगळी, आणि ती बऱ्याचदा राहूनच जाते. युरिया ब्रेथ टेस्ट किंवा शौचातलं अँटिजेन, दोन्हींपैकी एक. कोर्स संपून किमान चार आठवडे झालेले हवेत आणि पँटोप्राझोल किमान दोन आठवडे बंद हवी. नाहीतर जंतू दबून बसतो आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. इथेच घोळ होतो: आठव्या आठवड्याची एंडोस्कोपी गोळी चालू असताना होते, त्याच वेळी आरयूटीही करून टाकतात आणि निगेटिव्ह आली की सगळे निश्चिंत. गोळी चालू असताना आलेली पॉझिटिव्ह खरी मानावी, निगेटिव्हवर विसंबू नये. एंडोस्कोपीत अल्सर भरलेला दिसला तर डॉक्टरांना विचारून गोळी थांबवा आणि दोन आठवड्यांनी टेस्ट करा. भरला नसेल तर गोळी आपल्या मनाने थांबवू नका, टेस्ट पुढे ढकला. रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी या कामाची नाही, जंतू गेल्यावरही ती बराच काळ पॉझिटिव्ह राहते.

गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल चालेल, 500 मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या, सहा तासांचं अंतर ठेवून, दिवसात 3 ग्रॅमच्या आत. वजन कमी असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मेडिकलमध्ये 'पॅरासिटामॉलचीच आहे' म्हणून जी पट्टी मिळते तिच्यावर ॲसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा निमेसुलाइड यांपैकी काही लिहिलंय का ते पट्टी उलटून वाचा. असेल तर परत करा. 'सांधेदुखीची आयुर्वेदिक पुडी' म्हणून बिनलेबलची मिळते तीही नको, त्यात स्टिरॉइड किंवा हीच औषधं मिसळलेली सापडतात. शेक, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजन असेल तर कमी करणं, इतकं तूर्त करा. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर मात्र ती स्वतः बंद करू नका, ते हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

मिश्रीचा संबंध आहे. ती तंबाखूच आहे, भाजलेली. निकोटीन अस्तराचा रक्तपुरवठा घटवतं आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत नव्या केशवाहिन्या फुटणं आणि अल्सर भरणं दोन्ही लांबवतं. धूम्रपान करणाऱ्यांच्या लाळेत ईजीएफ कमी आढळलाय. लाळेबरोबर मिश्रीचा रसही पोटात जातो, म्हणजे ज्या वाटेने ईजीएफ येतो त्याच वाटेने हेही. वर्षानुवर्षांची सवय एका फोनवर सुटत नाही हे आम्हाला माहीत आहे. बहुतेक बायका ती सकाळी पोट साफ व्हायला लावतात. आधी त्याची सोय करा, रात्री इसबगोल (सुक्राल्फेटपासून दोन तास दूर), सकाळी कोमट पाणी. मग वेळा कमी करत न्या.

खाण्यात फार पथ्य नको. मांस भरायला प्रथिनं लागतात, तेव्हा डाळ, उसळ, अंडी, दही, मासे जे चालतं ते रोज. तिखट झेपेल इतकं. 'थंड दूध पित राहा' हा सल्ला ऐकू नका, त्याने थोडा वेळ बरं वाटतं आणि मग आम्ल वाढतं.

शौचाच्या रंगाने घाबरगुंडी उडू नये म्हणून हेही सांगतो. लोहाच्या गोळीने शौच काळपट-हिरवं होतं, पण बांधीव असतं. रक्तस्रावाचं शौच डांबरासारखं, चिकट, पाण्याने सहज न जाणारं आणि विशिष्ट उग्र वासाचं असतं. ते दिसलं, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा पोट अचानक असह्य दुखून फळीसारखं कडक झालं, तर गावातल्या दवाखान्यात सलाइन लावून वेळ घालवू नका. एंडोस्कोपी आणि रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयात थेट न्या.

आणि लोहाची गोळी हिमोग्लोबिन 12 झाल्यावर लगेच थांबवू नका. पँटोप्राझोल चालू असताना लोह कमी शोषलं जातं, म्हणून आकडा सावकाश चढेल. दर चार आठवड्यांनी तपासा. बरोबर आल्यावरही साठा भरायला आणखी तीनेक महिने ती चालू ठेवावी लागते. महिनाभरात हिमोग्लोबिन हललंच नाही, तर कुठेतरी अजून रक्त झिरपतंय का, हे आठव्या आठवड्याची वाट न बघता डॉक्टरांना विचारा.